बारा बटणांची भिंत

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या वाद्यवृंदाचे संचालक, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्याने आलेले ज्येष्ठ संगीतकार, मधल्या खुर्चीत हाराचं ओझं सांभाळत अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची पत्नी म्हणजेच माझी सख्खी थोरली बहीण, तिच्या मागे बसलेली व्हायोलिन मंडळी, त्यांच्या मागची फुंकणारी मंडळी, आणि जागा मोकळ्या असूनही सवयीने पार शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले माझे तालवादक बांधव, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषण करायला सांगितलं याचं तुमच्याइतकंच मलाही आश्चर्य वाटतंय. मी वाद्यवृंदात मागे उभा राहणारा माणूस. बाकीचे संध्याकाळभर वाजवतात, मी संध्याकाळभर मोजतो. मोजून मोजून शेवटी एकदा झांज आपटायची किंवा ट्रायँगल नावाच्या लोखंडी त्रिकोणाला एक टिचकी मारायची आणि घरी जायचं. इतकी वर्षं गप्प उभा राहिलेला माणूस, त्याच्या हातात तुम्ही आज माईक दिला आहे. परिणामाला संयोजक जबाबदार आहेत.

सत्कारमूर्ती नात्याने माझे भाऊजी. त्यामुळे मी त्यांची स्तुती केली तर घरचा म्हणून कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि निंदा केली तर ताई मला जेवायला घालणार नाही. तेव्हा मी फक्त खरं तेवढंच बोलणार आहे. भाऊजी, तुम्ही पाणी पिऊन घ्या.

आपल्या वाद्यवृंदाचे नकलनीस म्हणून भाऊजी आज निवृत्त होत आहेत. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. संगीतकार सगळ्यांचं संगीत एका जाडजूड वहीत लिहितो. त्यातून क्लॅरिनेटचं क्लॅरिनेटला, चेलोचं चेलोला असं वेगवेगळं काढून स्वच्छ अक्षरात लिहून द्यायचं, आणि कार्यक्रमाआधी ज्याचा कागद त्याच्या स्टँडवर नेऊन ठेवायचा, हे नकलनीसाचं काम. भाऊजींच्या हाताला वळण असं की छापलेलं झक मारेल. पण गंमत कुठे आहे? पाश्चात्य पद्धतीने सूर ज्या पाच आडव्या रेघांवर लिहितात आणि ते आयुष्यभर लिहीत आले, त्या पाच रेघांचा त्यांना मनापासून राग आहे.

राग का? ते मला त्यांनी पहिल्यांदा समजावलं ते ताईच्या लग्नात. नवरदेव हार घालून उभा, लोक भेटायला रांगेत, आणि हा माणूस मला बाजूला घेऊन सांगतोय, "हे बघ, पियानोवर पट्ट्या किती? पांढऱ्या सात, काळ्या पाच. सूर झाले बारा. पण कागदावर घर फक्त सातांना! उरलेल्या पाचांना स्वतःची जागाच नाही. ते शेजाऱ्याच्या घरात राहतात. पुढे तीव्र नाही तर कोमल अशी खूण लावायची, की हा अमक्याच्या मार्फत राहतो. हा न्याय झाला का?" मी म्हटलं, "नाही झाला, पण तुमचे मामा केव्हाचे पाकीट घेऊन उभे आहेत."

तुम्ही म्हणाल, जुन्या संगीतात सातांचंच राज्य होतं, तिथे हे चालून जायचं. बरोबर. पण आपले आजचे प्रमुख पाहुणे जे संगीत लिहितात, त्यात बाराही सूर सारखे. तिथला नियम अगदी साधा. घरी बारा माणसं जेवायला बसली, तर सगळ्यांना एकदा वाढून झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा वाढायचं नाही. झालं, एवढंच ते संगीत. आता असं संगीत त्या पाच रेघांवर लिहायला गेलं की कागदभर तीव्र-कोमलाच्या खुणांचा सडा पडतो. सूर शोधायला भिंग लागतं. आमचे क्लॅरिनेटवाले तर म्हणायचे की मी वाजवत नाही, तांदूळ निवडतो.

मग भाऊजींनी ठरवलं की बाराही सुरांना स्वतःचं घर द्यायचं. पहिला प्रयत्न बारा सुरांना बारा रेघा. तो कागद स्टँडवर मावेना. चेलोवाल्या बाईंनी तो मांडीवर अंथरला तर पायापर्यंत आला, आणि थंडीचे दिवस होते म्हणून त्यांनी तो परत दिला नाही. दुसरा प्रयत्न रंगांचा. बाराही सुरांना बारा रंग. आमच्या ट्रॉम्बोनवाल्यांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो हे सगळ्या वाद्यवृंदाला त्या दिवशी कळलं. स्वतः त्यांनाही त्याच दिवशी कळलं.

तिसऱ्या प्रयत्नात मात्र गाडी रुळावर आली. सात रेघा. मधली जाड, बाकीच्या बारीक. एक सूर रेघेवर, पुढचा मधल्या जागेत, पुढचा रेघेवर, असं जिना चढत जायचं. खुणा नाहीत, भाडेकरू नाहीत. हेच ते, माझ्या मागे फळ्यावर दिसतंय. या फळ्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. तोवर कुणीतरी ते डस्टर उचलून टेबलावर ठेवा. फळ्याच्या वरच्या कडेला ती चिंचोळी फळी आहे ना, तिच्यावरून ते मघापासून तीनदा पडलंय.

आता मंडळी, असा शोध लागल्यावर माणूस काय करेल? भाऊजी घरी गेले आणि पुढच्या खोलीत, खिडकीपासून दारापर्यंत, समोरच्या अख्ख्या भिंतीवर काळ्या ऑइलपेंटने सात रेघा मारल्या. रेघांवर आणि मधल्या जागांत खिळे ठोकले. सुरांसाठी गोल काहीतरी हवं होतं. माझी बहीण कपडे शिवते. तिच्या शिवणाच्या डब्यात बटणं होती. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बारा काळी बटणं डब्यातून उठली आणि भिंतीवर गेली. ओळ रचायची, समोर खुर्चीत बसून तिच्याकडे बघायचं, एक बटण वर, एक खाली. सोफा हलला, कपाट हललं, आमच्या आईचा फोटो स्वयंपाकघरात गेला. एका बाईंचा कोट ताईने बटणांशिवाय परत दिला आणि सध्या अशीच फॅशन आहे म्हणून ठोकून दिलं.

ताई काय म्हणाली असेल? ती म्हणाली, "भिंत उजळायची आहे." दर वर्षी म्हणायची. दर वर्षी भाऊजी म्हणायचे, "थांब गं, लोक वाचायला लागले की ही भिंत बघायला येतील." लोक काही आले नाहीत. मी जायचो, पण जेवायला.

कारण खरी अडचण तीच होती. लिपी तयार होती, वाचणारा नव्हता. या माणसाने कुणाला म्हणून सोडलं नाही. या सभागृहात असा एक तरी वादक आहे का, ज्याला भाऊजींनी जिन्यात गाठलेलं नाही? हात वर करा. बघा, एक हात वर आहे, आणि ते वादक नाहीत, ते खुर्च्या भाड्याने देणारे आहेत. अध्यक्ष महाराज, तुम्हालाही त्यांनी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "कल्पना फार मौलिक आहे, पुढच्या हंगामात बघू." तो हंगाम आला असता तर आज आपण सगळे सात रेघा वाचत असतो.

नाही म्हणायला एकदा योग आला होता. तो किस्सा सांगतो. ताई मान हलवून नको म्हणतेय. अगं, आता ते रिटायर झाले, त्यांना कोण काय करणार आहे?

आपल्या प्रमुख पाहुण्यांनी चार वाद्यांसाठी एक छोटी रचना लिहिली होती. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि मी. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली की नकला नव्या लिपीत करा. भाऊजी हवेत! त्यांनी त्या रचनेची मुख्य ओळ आधी घरच्या भिंतीवर चढवली, ती कित्येक महिने उतरली नाही. मग कागद केले. आणि कागद असे केले की त्यावर सुरांशिवाय काही ठेवलं नाही. रेघांच्या सुरुवातीला असतं ते वेलांटीसारखं चिन्ह काढून टाकलं, कारण नव्या लिपीत त्याची गरज नाही. नाव काढलं, पानाचा आकडा काढला, हळू-जलद काढलं. "सूर बोलतील," म्हणाले. कागदावर एक अक्षर नाही. माझ्या कागदावर तर एकच रेघ, आणि शेवटी ट्रायँगलची एक टिचकी.

भाऊजींनी आम्हाला शिकवण्या दिल्या. आम्ही माना डोलावल्या. घरी सराव कुणी केला? व्हायोलिनवाल्यांना वाटलं चेलोवाल्या करतील, चेलोवाल्यांना वाटलं क्लॅरिनेटवाले करतील. मी तर काय, एका टिचकीचा किती सराव करणार?

कार्यक्रमाच्या दिवशी भाऊजींनी नवा कोट घातला होता. त्याचं एक बटण त्यांनी चुकीच्या काजात लावलं होतं. त्यांनी स्वतः चारही कागद आणून चार स्टँडवर ठेवले, आणि ऐकायचा धीर होईना म्हणून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. आम्ही बसलो, संचालकांनी मान हलवली, आणि पहिल्याच क्षणी माझी टिचकी आली. मी रुमालात नाक शिंकरत होतो. मला कळेना, शेवटी येणारी टिचकी पहिली कशी आली? पण कागदावर होती, मी मारली. बाकी तिघं मान खाली घालून दिसेल ते वाजवत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की सराव केला नाही म्हणून आपल्यालाच हे अनोळखी वाटतंय.

वाजवून झालं. टाळ्या! आपले प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले, डोळे पुसत म्हणाले, "माझी रचना इतकी नितळ मी कधी ऐकली नव्हती." दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं, त्यात लिहिलं होतं की रचनेचा शेवट अटळ वाटतो.

मंडळी, तो शेवट नव्हता. ती सुरुवात होती. भाऊजींनी चारही कागद उलटे ठेवले होते. डोकं खाली, पाय वर.

भाऊजी, बसा. बसा, हार अडकेल.

जुन्या पाच रेघांचा कागद उलटा ठेवला तर शेंबडं पोरही सांगेल, ते चिन्ह उलटं दिसतं. पण भाऊजींनी ते काढून टाकलं होतं. आणि त्यांच्या सात रेघा इतक्या समान, इतक्या न्यायी, की उलट्या केल्या तरी सातच आणि मधली जाड ती जाडच. वाचता येतं! मागून पुढे वाचलं जातं, वरचं खाली आणि खालचं वर होतं, पण बारा सूर ते बाराच, पुन्हा न आलेले. नियम कुठेही मोडला नाही. माझ्या एका रेघेचं तर विचारूच नका.

प्रमुख पाहुण्यांची मी आधी क्षमा मागायला हवी होती, ते राहिलं. पाहुणे काहीतरी म्हणताहेत. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. ते म्हणताहेत, "तरीच म्हटलं, त्यानंतर ती पुन्हा कधी तशी रंगली का नाही." काय हा मोठेपणा! टाळ्या द्या.

हे त्या सभागृहात फक्त एका माणसाच्या लक्षात आलं. मी ट्रायँगल पेटीत ठेवत होतो तेव्हा ताई मागे आली आणि हळूच म्हणाली, "अरे, तुम्ही शेवटापासून का सुरू केलंत?" मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. आज तरी नीट जेवू देत." आणि खरोखर त्या दिवशी भाऊजी दोन माणसांचं जेवले. मला वाटलं, ताईचा कान चांगला, महिनोन्‌महिने घरात भाऊजींच्या तोंडून तेच ऐकलंय म्हणून तिच्या लक्षात आलं. मी विषय सोडून दिला.

आता या फळ्याकडे येतो. भाऊजींच्या निवृत्तीची तारीख ठरली, तेव्हा ताईने शेवटचं सांगितलं. आता तुम्ही दिवसभर घरी असणार. मला ती भिंत हवी. मशीन खिडकीशी लावायचंय, आईचा फोटो पुढे आणायचाय. रंगाऱ्याला समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे उद्या सकाळचं बोलावलंय. फिकट पिवळा. भाऊजींनी खुर्ची भिंतीसमोर ओढली. ते भांडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस खुर्चीत बसून नुसते भिंतीकडे बघत राहिले. मग ताईच म्हणाली, "बरं, एक संधी. निरोप समारंभाला सगळा वाद्यवृंद येईल. तुम्ही एक नवी ओळ लिहा. न शिकवता, न सांगता एकाने जरी ती बरोबर गाऊन किंवा वाजवून दाखवली, तर भिंत राहील. घरचा माणूस धरायचा नाही." म्हणजे मी बाद. तशी भीती कुणाला नव्हती. मला त्यांनी पंच नेमलं.

ती ओळ ही. भाऊजींनी आज दुपारी ऑफिसात लिहिली, फळा स्वतः आणून स्वतः टांगला, समारंभ सुरू होईपर्यंत वर कापड टाकून ठेवलं. घरी ती कुणीही पाहिलेली नाही. पियानोवर बाई बसल्या आहेत, त्या जाड रेघेवरचा सूर देतील. तर मित्रहो, माझ्या भाऊजींची भिंत तुमच्या हातात आहे. कोण येतंय?

क्लॅरिनेट? तांदूळ निवडणारे? नाही. चेलोवाल्या बाई, तुमच्याकडे तर अजून त्यांची चादर आहे. नाही? व्हायोलिन मंडळी बुटांकडे बघताहेत. अध्यक्ष महाराज? पुढच्या हंगामात. बरं.

मी इथे जरा थांबतो. मोजायची मला सवय आहे.

भाऊजी, मला तुमच्याकडे बघवत नाही. तुम्ही फळ्याकडे पाठ करून हाराच्या फुलाची पाकळी खुडताय. या माणसाने सगळ्यांचे कागद लिहिले आणि त्याचा कागद वाचायला कुणी नाही, हे मला मनापासून लागतंय. मीही शिकलो नाही. एक रेघ पुरे म्हणून हसत राहिलो.

अध्यक्ष महाराज, एक मिनिट. पहिल्या रांगेत ताई उभी राहिली आहे. ताई, पाणी हवंय का? नाही. ती पियानोवाल्या बाईंना सूर द्या म्हणतेय. अगं, तुझा काय संबंध? तूच तर...

शांत राहा, शांत राहा. ती गातेय.

ऐकलंत? मंडळी, एकही सूर न अडखळता, बाराच्या बारा. मला काही ते बरोबर की चूक कळत नाही, पण पियानोवाल्या बाईंच्या अंगावर काटा आलाय, हात दाखवताहेत.

भाऊजी उभे राहिलेत. काय म्हणताय? "चूक"? अहो, सगळं चूक? पहिलाच सूर चूक, शेवटचाही चूक? शोध लावणारे तुम्ही, तुमचा शब्द शेवटचा. ताई, बाद. बस खाली.

ती बसत नाही. मागच्यांसाठी सांगतो, ती म्हणतेय, "मी फळ्यावर आहे तेच गायलं. एकदा मागे वळून बघा."

भाऊजी वळले. बघताहेत. अजून बघताहेत. आता फळ्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवताहेत. अरे देवा. ती खडू ठेवायची फळी! ती खाली असते! म्हणून डस्टर पडत होतं! भाऊजी, तुम्ही पुन्हा?

आता ते पियानोकडे गेले. बाई उठल्या. ते फळ्याकडे बघून, जसा टांगलाय तसा, एका बोटाने वाजवताहेत. हेच ना? ताईने गायलं ते हेच ना? हेच! चेलोवाल्या बाई मान डोलावताहेत, प्रमुख पाहुणेही डोलावताहेत. मंडळी, जे लिहिणाऱ्यानेही वाचलेलं नव्हतं, ते तिने वाचलं.

आता जे चाललंय ते हळू आवाजात चाललंय. नवरा-बायकोतलं आहे, खरं तर मी सांगू नये. पण पंच आहे, सांगतो. भाऊजी म्हणाले, "तुला वाचता येतं? कधीपासून?" ताई म्हणाली, "झाडलोट कोण करतं? बारा बटणं काढून, पुसून, पुन्हा जागच्या जागी कोण लावतं? लावताना गुणगुणलं नाही तर जागा कशा लक्षात राहतील?" भाऊजी म्हणाले, "मग बोलली का नाहीस कधी?" त्यावर ती म्हणाली, "सगळ्या जगाला विचारलंत. जिन्यात गाठून गाठून विचारलंत. मला कधी विचारलंत?"

भाऊजींनी चष्मा काढलाय. मीही काढतो, म्हणजे सारखे दिसू.

पंचाला निकाल द्यावा लागेल. ओळ बरोबर वाचली गेली आहे. पण अट अशी होती की घरचा माणूस धरायचा नाही, आणि अट घालणारी हीच. त्यामुळे नियमाने भिंत... काय म्हणतेस, ताई? मागच्यांनो, ऐका. "अट माझी होती, मी मागे घेतली." आणि उद्या सकाळी येणाऱ्या रंगाऱ्याचं काय? ती म्हणतेय, "येऊ दे की. डबाभर काळा आणायला सांगते. जाड रेघ फार पुसट झालीय, मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

निकाल लागला. भिंत राहिली. आईचा फोटो माझ्या घरी आणून लावतो.

आता मला आवरायला हवं, अध्यक्ष महाराज दोनदा घड्याळ बघून झाले आहेत. आपण वेळात वेळ काढून आलात, प्रमुख पाहुण्यांनी एवढ्या वर्षांनी कळलेलं हसण्यावारी नेलं, संयोजकांनी माईक काढून घेतला नाही, खुर्च्यावाल्यांनी हात वर केला, सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, मानपान राहून गेला असेल, शेवटी म्हणायचं ते आधी म्हटलं गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आमच्या घरात तशी पद्धतच आहे.

आणि तो फळा कुणी सरळ करायला उठू नका. राहू द्या तसाच. भाऊजी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलेत, आणि ताईला म्हणताहेत, "पुन्हा एकदा गा."